कराचीतली हरणं आणि मामूचं उत्तर

सिंह झोपलेला, हत्ती आजारी आणि माझी अम्मा सकाळपासून गप्प... कराचीच्या प्राण्यांच्या बागेतला तो दिवस असा सुरू झाला. साठ सालच्या आसपासची गोष्ट, मी बारा वर्षांची होते.

नळदुर्गाहून मुंबई आणि तिथून बोटीनं आम्ही मायलेकी गेलो होतो, ते काही फिरायला नाही. अम्माचा धाकटा भाऊ, माझा मामू, अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर गाव सोडून तिकडं गेला तो परत फिरकलाच नव्हता. इकडं नानांनी, म्हणजे अम्माच्या वडिलांनी, अंथरूण धरलेलं. त्यांचा एकच निरोप होता, एकदा येऊन तोंड दाखवून जा.

आठ दिवस झाले तरी मामू दाद देईना. विचारलं की नुसतं ‘देखेंगे’. मग समुद्र दाखव, मिठाई आण... मला तर असा राग यायचा! बाप तिकडं वाटेकडं डोळे लावून पडलाय आणि हा आम्हाला माकडं दाखवत फिरतोय. दुसऱ्या दिवशी आमची परतीची बोट होती.

फिरत फिरत हरणांपाशी आलो. जाळीच्या आत दहा-बारा काळवीट गवतात तोंड घालून उभे होते. आमच्याकडं हीच हरणं कळपानं ज्वारीत घुसायची आणि लहानपणी अम्मा आणि मामू लोकांच्या रानात राखणीला जायचे.

काय झालं कुणास ठाऊक... अम्मानं बुरख्याचा पडदा वर केला आणि एकदम आरोळी ठोकली, होऽऽ हाऽऽ! सवयच ती. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, पहारेकरी धावत आला, मी तर शरमेनं मेले.

हरणांनी मानसुद्धा वर केली नाही. मामू मात्र हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बरोबर आलेली मामी तिकडचीच, तिला मराठी कळायचं नाही. आमच्या घरातही बोलणं दखनी उर्दूच, पण रानातली भाषा मराठी होती. आठ दिवसांत पहिल्यांदा मामू मराठीत बोलला.

“आपा, म्या न्हाय येनार. ज्येंच्या रानातली हरणं हाकलली, त्येंनीच मला गावातनं हाकललं. लई भ्या वाटतंय गं.”

अम्मानं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नळदुर्गाला घरी पोचल्यावर नानांनी विचारायच्या आत तिनं ठोकून दिलं, येतोय म्हणालाय, कागदपत्रं झाली की निघतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात मला जोरात चिमटा बसला.

मला वाटलं नाना खूश होतील. कुठलं काय... त्यांचा चेहराच उतरला. दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून पत्र लिहायला लावलं. येऊ नकोस, मी बरा आहे, इथं कुणाच्या मनात अजून काय असेल सांगता येत नाही, तू तिकडंच सुखात राहा.

महिनाभरात नाना गेले. पोरगा निघाला होता, आपणच त्याला थांबवलं, असं समजून गेले. तो ‘नाही’ म्हणाला होता हे त्यांच्या कानावर कधीच आलं नाही... अम्मा, तुझ्या त्या एका खोट्याची मी जन्माची ऋणी आहे.