कमरेची गाठ

उन्हात तापलेल्या दोराचा वास आला की मला नळदुर्गजवळचा तो कडा आठवतो. चढण्याआधी सोबतिणीनं आपल्या कमरेची गाठ ओढून "पक्की?" विचारायचं, आपण "पक्की" म्हणायचं, ही आमच्या चढाईच्या गटाची रीत. त्या सकाळी माझी सोबतीण सुरेखानं माझी गाठ ओढली.

मी म्हणाले, "गाठ पक्की हाय, मी न्हाय. लई दिवस झोप न्हाय. वर गेलं की हीच गाठ सोडावी वाटते."

मागून कुणीतरी हसलं, "भ्याली!" सुरेखानं ती गाठ सोडली, आणि मला थेट धाराशिवला डॉक्टरकडं नेलं.

तेव्हा वाटलं, हरले. आज मी पोरींना कडा चढायला शिकवते. गाठ ओढून झाली की विचारते, "आणि तू?" हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. खरं उत्तर आल्याशिवाय माझा दोर हलत नाही.