सरांनी शुद्ध केलेला पाळणा

आमच्या गल्लीत कुणाकडे बारसं असलं की आईला बोलावणं यायचं. तिचं माहेर कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीचं, त्यामुळे तिचे पाळणे कानडी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती नव्या बाळाचं नाव गुंफायची आणि नाव आलं की जमलेल्या बायका एका सुरात "जो जो" म्हणायच्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या शेजारणीसुद्धा. अर्थ कळायची कुणाला गरज पडत नसे.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या साली आमच्या शाळेतल्या गायनाच्या सरांनी भारतीय संगीताच्या परंपरेवर कार्यक्रम बसवला. मी मॅट्रिकला, अंगात देशभक्ती नुसती उतू चाललेली. आईचा पाळणा मीच त्यांना गाऊन दाखवला. सर खूश झाले. "हे आपलं प्राचीन धन आहे," म्हणाले, "फक्त शुद्ध करून घ्यायला हवं." मग कानडी शब्द गेले, जड जड हिंदी आली. आईचा तो मधेच घसरणारा सूर रागात बसत नाही म्हणून काढला. बाळाच्या नावाच्या जागी आलं 'भारत'. मला हे सगळं फार थोर वाटलं होतं. अजून आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कार्यक्रमाला आई ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून पुढेच बसली. मंचावर आम्ही मुलींनी सुरुवात केली, चाल ओळखीची लागताच ती खुलली. 'भारत' आलं आणि सवयीनं तिनं मोठ्यानं "जो जो" म्हटलं. एकटीनंच. सगळे हसले. सरांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आणि मी, तिची पोटची पोर, ही बाई कोण हे ठाऊकच नसल्यासारखी समोर बघून गात राहिले.

घरी आल्यावर तिनं लुगड्याची घडी घालून ठेवली आणि ती चुलीकडे वळली. मला वाटलं, विसरली असेल. पुढे शेजारच्या बारशाचं बोलावणं आलं तेव्हा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "अगं, त्यो पाळणा आता मी म्हनला तर चालतंय न्हवं? माजं लई चुकीचं हाय की. सर काय म्हनतील?"

तुझाच आहे तो, एवढंच म्हणायचं होतं. पण आई आपल्याला विचारतेय याचाच मला तोरा चढला.

"सरांना विचारून सांगते," मी म्हणाले.

त्या बारशाला आई टोपडं घेऊन गेली आणि गप्प बसून आली. सरांना मी विचारलंच नव्हतं.