देठासकट आण

आमच्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. कापड हातात आलं की आधी उलट्या बाजूने बघतात. रस्त्याकडेच्या झाडांनाही त्यांचा तोच न्याय. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या, पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं येणाऱ्या रानझाडांचा त्यांना भारी नाद. "फुलं सगळ्यांची सारखीच गं," त्या म्हणतात, "खरं काय ते देठ सांगतो. लव असली तर रानगाजर. गुळगुळीत आणि वर जांभळे डाग असले तर हेमलॉक. ते विषारी, हात लावायचा नाही."

यंदा वाचनालयाने त्यांना लोकांना घेऊन कालव्याकाठची झाडं दाखवायला सांगितलं. पहिल्याच रविवारी निम्मी गल्ली लोटली. जाऊबाईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती. "आज चुकलात तर शिवणयंत्रच बरं," भाऊजींनी निघताना चिडवलंच.

निम्म्या वाटेवर आमचा पाववाला टोपली घेऊन पुढे आला. लेकीच्या सशांसाठी त्याने पहाटेच कालव्याच्या वळणावरून पाला खुडला होता.

"ताई, रानगाजरच ना? तुम्ही हो म्हणा, की लगेच घालतो."

जाऊबाईंनी पाला चाळला. कोमेजलेले, चुरगळलेले नुसते शेंडे.

"देठ कुठेत?"

"ते जाड असतात, ससे टाकून देतात. म्हणून कोवळं कोवळंच आणलं."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. मागून कुणीतरी पुटपुटलं, "एवढा वेळ? मुलगी बघायला आल्यात का?" हशा झाला. नुसतं हो म्हटलं असतं तर वेळ निभावली असती, आणि रानगाजर असण्याचीच शक्यता जास्त होती.

"मला सांगता येत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "फेकून दे."

"सगळं?"

"सगळं. आणि हात धू."

पाववाल्याने तोंड वाकडं करत टोपली खड्ड्यात पालथी केली. परतताना दोघी-तिघी कुजबुजल्या, "यांनाच येत नाही तर आपल्याला काय शिकवणार?" जाऊबाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या थेट त्या वळणावर गेल्या. खुडलेले खुंट तिथेच होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एकेक जवळून पाहिला. सगळ्यांवर लव, डाग एकावरही नाही. रानगाजरच!

मला वाटलं, आता ही गोष्ट आमच्या दोघींतच राहील. छे! जाऊबाई तिथून सरळ पाववाल्याच्या दुकानात. ऐन गर्दीची वेळ.

"अरे, तुझा पाला चांगला होता."

"म्हणजे उगाच फेकायला लावलात की!"

"हो. उद्या तसाच आणलास तर परत फेकायला लावीन. देठासकट आण, मग सांगते."

पाववाला हसला. "पोरगी फुरंगटली होती काल. पण ससे टुणटुणीत आहेत बघा, ताई."

काल कुजबुजणाऱ्यांपैकी एक बाई रांगेत होत्या, त्यांनी पाव पिशवीत टाकला आणि जरा चाचरत विचारलं, "येत्या रविवारी किती वाजता निघायचं हो?"

जाऊबाईंनी वेळ सांगितली. मी मात्र उगाचच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या जाऊबाई आहेत," असं सांगून टाकलं.