तांदळात लिहिलेलं नाव

इथे परदेशात, सँडीफोर्डच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी चिनी सहकारी एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली होती. माझ्या बारा वर्षांच्या मुलीने तिला तिचं नाव लिहून दाखवायला सांगितलं. तिने पेन्सिलीने एकच अक्षर काढलं: 安. वर छप्पर, खाली बाई. अर्थ शांती, स्वस्थता. तिच्या आजोबांनी हौसेने ठेवलेलं नाव.

मला कुठे गप्प बसवतं? म्हणजे बाईला घरात बसवलं की शांतता, असं म्हणून मी हसलो आणि वर जुन्या लोकांच्या बुरसटलेल्या विचारांवर छोटंसं भाषणही ठोकलं. ती न चिडता म्हणाली की अक्षर फार जुनं आहे, जो तो त्याचा उलगडा आपल्या परीने करतो. तिला त्यात डोक्यावर छप्पर असलेली निर्धास्त बाई दिसते. शिवाय त्यांच्याकडे लग्नानंतर बाई नाव बदलत नाही, तिच्या आईनेही बदललं नाही. मग तिने माझ्या बायकोला तिच्या नावाचा अर्थ विचारला.

"कुठल्या नावाचा?" बायको म्हणाली. "लग्नाआधीच्या की नंतरच्या?"

आणि आमटी वाढता वाढता तिने सगळं सांगितलं. लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. तिचं नवं नाव माझ्या आईने निवडलेलं, माझ्या नावाला जुळणारं.

पहिलं वाईट होतं का, असं पाहुणीने मला विचारलं. मी पापड मोडत बसलो. ते नाव चांगलंच होतं. बदलू का, एवढंही मी तिला विचारलं नव्हतं. फोटोग्राफर सांगेल तसं हसत लिहून मोकळा झालो होतो. आईचा हट्ट होता म्हणून सांगावं असं मनात आलं, पण हात तर माझाच होता. "दॅट्स मॅड, बाबा," मुलगी म्हणाली. मला मान वर करवेना, इतकी लाज वाटली.

पाहुणी गेल्यावर बायको ताटं कपाटात लावत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी तिला जुन्या नावाने हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी पुन्हा मारली.

"नको," ती म्हणाली. "त्या नावाने फक्त माझी आई हाक मारायची. मागच्या वर्षी तिच्याबरोबर गेलं ते."