जेवणाची लाइन आणि न विझणारा लाइट

मंडळी, आत्ताच आपल्या कॅरी गावातल्या मराठी मंडळाच्या नाटकाचं सामान आवरून घरी आलोय. आज आयुष्यात पहिल्यांदा स्टेजचे लाइट्स सांभाळले, आणि तेही वायरलेस, कारण हॉल शाळेचा, आणि शाळेने त्यातून केबल टाकू दिली नाही. सिग्नल पाठवणारा डबा प्रेक्षकांच्या मागे माझ्या टेबलावर होता. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सगळं मस्त चाललं, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

शेवटच्या प्रसंगात आईचं काम करणाऱ्या नीलाकाकू मुलाचा फोन ठेवतात, खुर्चीत बसतात आणि हळूहळू अंधार होतो. मी लाइट मंद करायचा स्लायडर खाली ओढला. लाइट तसाच.

आपल्या लोकांचं माहितीये ना, शेवट जवळ आला की जेवणाची लाइन गाठायची. मागच्या रांगा उठून माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. एवढ्या माणसांतून सिग्नल नीट जात नाही, डबा उंचावर ठेवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं यार.

काकूंचे संवाद संपले होते. पण त्यांनी विंगेकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनवर हात ठेवून, तो परत वाजेल म्हणून वाट बघत बसून राहिल्या. उठलेली माणसं एकेक करून मिळेल तिथे खाली बसली. मी स्लायडर वर नेऊन पुन्हा हळूच खाली आणला, आणि अंधार झाला.

नंतर काकू म्हणाल्या, "किती छान थांबलास रे. तू लाइट विझवेनास, म्हणून मीही बसून राहिले."

सांगा, खरं काय ते सांगू का त्यांना?