बनुबाईंच्या पानाचे अडतीस सेकंद

भिंगारच्या नाझनीनला थांबणं म्हणून जमत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांना किती वेळ लागतो ते विचारा, सेकंदासकट सांगेल. नगरला जायचं तर रिक्षा भरेस्तोवर बसून राहणं तिच्या जिवावर येतं, म्हणून ती सरळ स्कूटी काढते. एकदा एक स्थळ बघायला आलं होतं. मुलगा अर्धा तास फोनवरच. हिनं आतूनच ठणकावलं, "अम्मी, त्यांना वेळ नाहीये, जाऊ द्या त्यांना!" अम्मी म्हणजे चांदबी, त्या बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ते स्थळ गेलं ते गेलंच, आणि खरं सांगायचं तर बरं झालं.

अशा बाईला देवानं कामही तसंच दिलं. ती वेबसाईटींच्या मागचे प्रोग्राम लिहिते. बीसीए केलं, तीन वर्षं कुणाच्या तरी ऑफिसात बोलणी खाल्ली, आणि आता घरीच अब्बांच्या शिलाई मशीनशेजारी टेबल टाकून स्वतःची कामं घेते. त्यातलं मोठं काम एकच, नगरातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरचं. ज्यांची किडनी काम करत नाही ते तिथे आठवड्यातून दोनदा येतात आणि चार-चार तास मशीनवर रक्त शुद्ध करून घेतात. कॉम्प्युटरवर फाईल नंबर टाकला की पेशंटचं पान उघडतं. त्यात वजन, ब्लड प्रेशर आणि आजवरच्या सगळ्या खेपा, प्रत्येक खेपेची एक ओळ. प्रोग्राम मूळचा दुसऱ्याच कुणी लिहिलेला, सांभाळायला हिच्या गळ्यात पडलेला.

ट्रस्टचे सचिव आप्पासाहेब हिच्याहून घाईचे. त्यांनी एक दिवस बजावलं, "पान उघडायला तीन सेकंदांच्या वर लागता कामा नये. महिनाअखेरीला करून दाखवा, नाहीतर पुण्याची कंपनी तयारच आहे." हे काम गेलं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात नऊ ते सहा. नाझनीन त्याच दिवशी कामाला लागली.

तिनं कोडमध्ये जागोजागी घड्याळं लावली. कामाचा एक तुकडा सुरू झाला की वेळ टिपायची, संपला की पुन्हा टिपायची, आणि वजाबाकी करायची. इतकं साधं. आदल्या दिवशीचा सगळा हिशोब रोज सकाळी सहाला तिला ईमेलवर यायचा, कुठलं पान, किती सेकंद, सगळ्यात हळू ते सगळ्यात वर. बाकी पानांची सरासरी तर एका सेकंदाच्या आत होती. पण घोडं अडलं वरच्या ओळीवर. फाईल नंबर सतरा, अडतीसच्या आसपास! मंगळवारी आणि शुक्रवारी ही ओळ हटकून वर, आणि दर खेपेला मागच्यापेक्षा चिमूटभर जास्त. कोड तोच, कॉम्प्युटर तोच, आणि हे एक पान दिवसेंदिवस जड होत चाललंय, हा काय चावटपणा?

शोधता शोधता दुखणं सापडलं. किराणा आणायला धाडलेला माणूस मीठ घेऊन घरी येतो, मग साखरेसाठी परत जातो, मग चहापत्तीसाठी परत, तसा तो प्रोग्राम एकेका खेपेची ओळ आणायला वेगळी फेरी मारत होता. इतरांच्या खेपा वीस-पंचवीस, फार तर सत्तर. सतरा नंबरच्या नऊशे अडतीस.

खरा इलाज म्हणजे तेवढा भाग नव्यानं लिहायचा. दोन दिवसांचं काम. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सोमवारी दुपारी तिनं सोपी वाट धरली. पानावर शेवटच्या वीसच खेपा दाखवायच्या, जुन्या हव्यात कुणाला? एका ओळीचा बदल. पान सेकंदाच्या आत उघडलं आणि हिनं आप्पासाहेबांना मेसेज ठोकून दिला, "झालं." सतरा नंबर कोण, हे तिनं सेंटरमध्ये कुणाला विचारलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी अकराला सेंटरमधून सुकन्याचा फोन आला. सुकन्या तिथली नर्स. मशीन लावायची, पेशंटचं पान उघडायचं, रडणाऱ्याची समजूत घालायची, सगळं तिच्याकडेच.

"नाझनीनताई, बनुबाईंचं पान कुठं गेलं?"

"कोण बनुबाई?"

"अहो, सतरा नंबर!"

"आहे की. आता बघा कसं पटकन उघडतंय."

"उघडतंय हो, पण वीसच ओळी! बाकीची नऊ वर्षं कुठायत?"

"त्या जुन्या ओळी तुम्हाला लागतात कशाला?" नाझनीनचा आवाज चढला.

सुकन्यानं आवाज खाली आणला. बनुबाई कर्जतच्या पुढच्या एका वाडीवरून एसटीनं येतात, नऊ वर्षं झाली. नवा पेशंट आला आणि घाबरला की त्याला स्वतः कॉम्प्युटरपुढे नेतात आणि म्हणतात, सुकन्या, दाव माझं पान. सुकन्या ते वरपासून खालपर्यंत फिरवते. डॉक्टरांनी तासभर समजावून जे होत नाही ते त्या पानानं होतं.

"आज एक नवीन आलाय. भीमा नाव. सव्वीस वर्षांचा आहे, टेम्पो चालवतो. मशीन बघितलं आणि नाही म्हणून चप्पल घातली त्यानं. आज नाही झालं तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणालेत. बनुबाईंनी मनगट धरून ठेवलंय त्याचं. म्हणतात, पान बघ अन् मग जा. पण किती वेळ धरणार हो त्या?"

नाझनीननं लॅपटॉप पुढे ओढला. "पाच मिनिटं थांबवा त्याला. कसंही करा. फोन चालू ठेवा."

तिनं केलेला बदल काढायला घेतला. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. फोनमधून भीमाचा आवाज येत होता, "सोडा आज्जी, माझी गाडी जाईल," आणि बनुबाईंचा, "जाऊ दे की, मी कंडक्टरला वळखती."

"आता उघडा," नाझनीन म्हणाली.

सुकन्यानं बटण दाबलं. नेहमीप्रमाणे पान येईना.

"दम धर, येतंय," बनुबाई म्हणाल्या. "माझं पान लई दमानं येतं. बाकीच्यांची झटकन येत्यात, त्यांचं अजून थोडंच हाय."

"आज्जी, मला न्हाई जमायचं. आठवड्यातनं दोनदा सुया. त्यापरीस..."

"त्यापरीस काय? बोल की! मी बी ह्येच म्हनलं हुतं. ह्याच दारातनं भाईर पळाल्ते. आमच्या मालकांनी पार चौकातनं धरून आनलं. लोकं बघायला जमली, वाटलं नवराबायकूचं भांडान हाय."

कुणीतरी फसकन हसलं. भीमा नव्हता, पण कुणीतरी हसलं. नाझनीन फोन कानाला घट्ट लावून बसली होती. ज्या अडतीस सेकंदांना तिनं महिनाभर शिव्या घातल्या, ते ती पहिल्यांदाच ऐकत होती. पान एवढ्यात येऊ नये, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

"आलं," सुकन्या म्हणाली.

मग फोनमधून माऊसची टकटक येत राहिली. सुकन्या पान फिरवत असावी. शेवटी भीमाचा आवाज आला, अगदी बारीक. "हे समदं तुमचं?"

"तर काय गावाचं? सुकन्या, थांब हितं. ह्यो मंगळवार बघ. त्या दिशी पोरीचं लगीन हुतं. सकाळी हितं मशीनवर, अन् सांजच्याला मांडवात. हाताला चिकटपट्टी तशीच, वरनं बांगड्या भरल्या. अन् ही नातू झाला तवाची खेप. अन् ही... ह्या खेपेला मालक नव्हते संगं. त्यांचं तेरावं झालं अन् दुसऱ्या दिशी मी एकटीच यष्टीत बसले."

"एकट्याच?"

"मग? मंगळवार हुता. मंगळवार आला की यायचं, शुक्रवार आला की यायचं. बाकी काय करायचं नसतंय आपल्याला."

भीमा म्हणाला, "आजच्यापुरतं करतो."

"आजच्यापुरतंच असतंय रे लेकरा," बनुबाई म्हणाल्या. "काड ती चप्पल."

नाझनीननं फोन ठेवला आणि तिला रडूच फुटलं. अब्बांनी शिलाई मशीन थांबवलं, चांदबी स्वयंपाकघरातून धावत आल्या. काय झालं, कुणी काही बोललं का? वाईट वाटत होतं, लाज वाटत होती. एक फोन करून विचारलं असतं, हे सतरा नंबर कोण, तर काय बिघडलं असतं? आणि आज तो मुलगा दारातून निघून गेला असता, तर?

बुधवारी सकाळी आप्पासाहेबांचा फोन आलाच. "झालं म्हणून मेसेज केला होतात ना? काल तर पुन्हा तितकाच वेळ लागला म्हणे."

"मी चुकले, आप्पासाहेब. घाई केली." आणि तिनं कालचं सगळं सांगून टाकलं. कधी नव्हे ते आप्पासाहेबांनी मध्ये तोडलं नाही.

"बनुबाईंच्या ओळी राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "पण तीन सेकंदांचं मी सोडणार नाही."

"सोडूच नका. मला फक्त दोन दिवस द्या."

दोन दिवस ती त्या टेबलावरून जेवणापुरतीच उठली असेल. सगळ्या खेपा एकाच फेरीत आणायच्या, एकही ओळ गळू द्यायची नाही. रोजच्या रिपोर्टमध्येही तिनं एक रकाना वाढवला, पानावर ओळी किती. कुठल्या पानाला किती वेळ लागतो एवढंच तिला पुरेना, का लागतो तेही समोर दिसायला हवं होतं.

शुक्रवारी अकरा वाजल्यापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. आज भीमाचीही दुसरी खेप. तो आला का? सुकन्याला फोन लावायला तिनं तीनदा मोबाईल उचलला आणि तीनदा खाली ठेवला. नाही आला, असं ऐकायचा धीर होईना. चांदबींनी विचारलं, "कुणाचा फोन यायचाय का गं?" ती नाही म्हणाली आणि मोबाईल पालथा घातला.

शनिवारी सहाला रिपोर्ट आला. सगळ्यात वर फाईल नंबर सतरा, एक पूर्णांक सहा सेकंद, ओळी नऊशे चाळीस. म्हणजे आप्पासाहेबांचं काम फत्ते आणि तिचं काम तिच्याकडेच. एरवी तिनं उडी मारली असती. आज ती त्या ओळीवर थांबली नाही. ती खाली गेली, आणखी खाली, अगदी शेवटापर्यंत, जिथे एरवी बघायची गरजच पडत नाही.

फाईल नंबर दोनशे बारा, सगळ्यात नवा, म्हणजे भीमाच. शून्य पूर्णांक शून्य नऊ सेकंद. ओळी दोन.

दोन! म्हणजे तो काल आला होता.

तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि त्या स्क्रीनसमोरच दोन्ही हात पसरले. "या अल्लाह," ती म्हणाली, "ह्याचं पान हळू होऊ दे. बनुबाईंच्या पानापेक्षाही हळू होऊ दे."