माझा वावर आणि माझं वावर

पडदा वर जातो. मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोरचं कडुलिंबाचं झाड. झाडाखाली सतरंजी, सतरंजीवर सागवानी पेटी, पेटीवर दौत, टाक आणि अंगठा उठवायची शाईची गादी. पेटीमागे पागोटं घातलेले, मिशा पिकलेले एक गृहस्थ मांडी घालून बसलेत. डोळे मिटलेले आहेत. प्रेक्षकांना वाटेल झोपलेत. झोपलेले नाहीत, ते ऐकताहेत. समोर एक म्हातारी हातवारे करून भांडणाची हकीकत सांगते आहे. डाव्या बाजूला कोट घातलेला एक तरुण, हात रिकामे. उजव्या बाजूला मी. साल एकोणीसशे चौतीस, महिना मे.

मिटल्या डोळ्यांचे ते गृहस्थ म्हणजे जगदेवराव अर्जनवीस. लोकांचे अर्ज, कैफियती, करारनामे लिहून देणं हा त्यांचा धंदा. शिक्षण मराठी चौथी. तरीही नागपूरच्या कायद्याच्या वर्गातली पोरं सुटीत त्यांच्याकडे लिहायला शिकायला येत. त्या शिकवणीची सुरुवात कशी झाली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यात माझाही एक छोटासा प्रवेश होता, म्हणून सांगतो.

मी सातारकडचा. नाटक कंपनीत राण्यांच्या भूमिका करायचो. मंगरूळपीरच्या मुक्कामात मला विषमज्वर झाला, कंपनी पुढे गेली आणि पुढच्याच गावी मोडली. उठलो तेव्हा आवाज घोगरा झाला होता. राणीला असा आवाज चालत नाही. जगदेवरावांनी मला घरी नेलं, भाकरी घातली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "वाचता येते?"

"येतं."

"मंग वाच. आपन लिवलेलं आपनच वाचलं का त्यातले खड्डे दिसत नाहीत. दुसऱ्यानं वाचा लागते."

पहिल्या दिवशी एका शेतकऱ्याचा चोरीला गेलेल्या बैलाचा अर्ज माझ्या हातात दिला. मी तो असा वाचला, की शेजारचा पानवाला दुकान सोडून आला आणि बैलाचा मालक रडू लागला. टाळ्याही पडल्या. जगदेवराव शांतपणे म्हणाले, "राणीसाहेब, तुमी रडल्या म्हून कागद बरा वाटला. तहसीलदारासमोर तुमी राह्यसान काय? कागदाले तोंड नसते. बिनामिठाचं वाच."

आयुष्यभर मीठ घालून बोललेला माणूस मी. बिनामिठाचं वाचायला मला चार महिने लागले. पण एकदा जमलं आणि अर्जातली प्रत्येक फट वाचता वाचता ऐकू यायला लागली. हे दान त्यांनी मला दिलं. पुढे मी पुन्हा रंगभूमीवर गेलो तेव्हा याच साध्या आवाजानं मला जगवलं.

आता तो कोटवाला तरुण. दौलतराव. आसेगावकडच्या एका देशमुखांचा मुलगा, पण पाचव्या वर्षापासून पुण्याला मामाकडे वाढलेला. नागपूरला कायद्याचं पहिलं वर्ष संपवून सुटीत आला होता. वडिलांनी त्याला सकाळी जगदेवरावांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "पुस्तकं भरपूर वाचली यानं. कागद लिवता येत नाही."

"दावा लिहिता येतो मला," दौलतराव म्हणाला.

"येत असन ना," जगदेवराव म्हणाले. "टाक द्या."

दौलतरावानं खिशातला झकपक टाक दिला. जगदेवरावांनी तो आपल्या पागोट्यात खोचला. "आठ दिवस हा इथं राहीन. तुमी नुस्ते आयका. आधी कान भरू द्या वकीलसाहेब, मंग दौत."

तो मुलगा अजून वकील नव्हता, आणि 'वकीलसाहेब' या हाकेतली गंमत झाडाखालच्या सगळ्यांना कळत होती. बिचारा लाल व्हायचा. पण बसला. माणूस येऊन हकीकत सांगायचा. मग जगदेवराव दौलतरावाला ती त्याच माणसापुढे तोंडी परत सांगायला लावायचे. चुकलं की तो माणूसच टोकायचा, "नाही भाऊ, आधी विहीर खंदली, मंग भांडन झालं." आठव्या दिवसापर्यंत दौलतरावाला बारा जणांनी टोकलं होतं. नवव्या दिवशी टाक परत मिळाला. त्याच दिवशी गोजराबाई आली.

गोजराबाई आसेगावची विधवा. साठीची, काटक, कानात बुगड्या. तिच्या बापानं लग्नात तिला चोळीबांगडीसाठी म्हणून नाल्याकाठचं एक वावर दिलं होतं. आमच्या साताऱ्याकडे ज्याला शेत म्हणतात त्याला इकडे वावर म्हणतात. नवरा होता तोवर कोणी काही बोललं नाही. नवरा गेला आणि धाकटा दीर रामराव यानं पटवाऱ्याकडे जाऊन त्या वावरावर आपलं नाव चढवायचा फेरफार टाकला. हरकत घ्यायचा शेवटचा दिवस तोच होता. अर्ज दुपारी तीनच्या आत कचेरीत गेला नाही, तर वावर रामरावाचं.

बाई बोलत होती, "नाल्यापाशी माहं वावर हाय भाऊ, लय वर्साचं. आता थो मले म्हनते, तुहं काय हाय इथं?"

दौलतरावानं ऐकलं आणि लिहिलं. सुबक, एकटाकी अक्षर. बाईनं अंगठा उठवला, अर्जाचं सरकारी तिकीट लागलं. रिवाजाप्रमाणे मी बिनामिठाचं वाचलं: "सदर नाल्यालगतच्या जमिनीत अर्जदाराचा पुष्कळ वर्षांपासून वावर असून त्यास प्रतिपक्षाने अडथळा करू नये."

"हाय, हाय," गोजराबाई मान डोलवत म्हणाली. "वावर हायच."

जगदेवरावांनीही मान डोलावली. सगळं ठीक होतं. एक वाजला होता. तहसीलदारसाहेब जेवायला गेले होते. ते नवीन, कोकणातले होते.

दौलतरावाला आपल्या कागदाचं कौतुक वाटत होतं. मला म्हणाला, "नाटकवाले, एकदा मिठानं म्हणून दाखवा की. वेळ आहे."

मला सात महिन्यांत भूमिका मिळाली नव्हती! सकाळीच मी रामरावाला पाणपोईपाशी पाहिलं होतं. एक खांदा वर करून चालायचा, धोतराचा सोगा सतत हातात. मी सोगा हातात धरला, खांदा वर केला आणि जगदेवरावांपुढे उभा राहिलो. "मी राणी नाही आज. मी रामराव. तुम्ही साहेब."

गोजराबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगदी थोच मुडदा!"

"बोला रामराव," जगदेवराव साहेबी आवाजात म्हणाले. "बाईचा अर्ज ऐकला ना? काय म्हणणं आहे?"

आता, ज्या नटाला संवाद दिलेले नसतात तो समोरच्याच्या शेवटच्या वाक्याला धरतो. शेवटचं वाक्य होतं, वावर आहे. माझी जीभ सातारची. तिच्यावर जे आलं ते मी बोललो.

"वावर आहे की साहेब! कोण नाही म्हणतं? भावजय आमची. आमच्या शेतात निंदायला येते, शेण्या वेचायला येते. तिच्या येण्याजाण्याला आम्ही कधी अडवलं नाही, पुढंही अडवणार नाही. वावर खुशाल असू द्या. शेत आमच्या नावावर करा."

कोणी हसलं नाही. मी सोगा धरून तसाच उभा. मला वाटलं नाटक पडलं.

आणि मग गोजराबाई उठली. "निंदाले? मी निंदाले येतो तुह्या वावरात? मुडद्या! माह्या बापानं देल्लं मले वावर! चोळीबांगडीले देल्लं, लग्नाच्या साली! तवापासून मी पेरतो, मी निंदतो, मी पीक सोंगतो! तुहं वावर धुऱ्याच्या त्या आंगाले हाय, त्या आंगाले मर!" आणि तिनं पाणी प्यायचा तांब्या माझ्या दिशेनं फेकला. नेम बरा होता. तांब्या वर उचललेल्या खांद्यालाच लागला.

जगदेवरावांनी कागद ओढून घेतला. ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "वकीलसाहेब, हा 'चा' कोनाचा?"

"कुठला चा?"

"अर्जदाराचा वावर. बाई काय म्हनली व्हती?"

"माहं वावर म्हणाल्या. ते..." दौलतराव अडखळला. "ते मला वाटलं व्याकरण चुकलं. वावर पुल्लिंगी ना? मला वाटलं, वहिवाटीसारखाच शब्द. चांगला वाटला म्हणून तसाच ठेवला."

"पुण्यात वावर म्हंजे काय?"

"हिंडणं-फिरणं."

"अन् तहसीलदारसाहेब कोकनातले."

दौलतराव पांढरा पडला. बाईच्या बापाचं वावर त्यानं एका अक्षरानं नाल्यात घातलं होतं. सगळ्या अर्जात ती जमीन बाईची आहे हे एकदाही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं एवढंच, की ती तिथं हिंडते.

मला वाटलं आता जगदेवराव त्याला झोडणार. ते म्हणाले, "चूक तुमची एकट्याची नाही. म्या बी आयकलं अन् मान डोलावली. माहा कान वऱ्हाडी. त्यानं आपलंच आयकलं. या नाटक्यानं वाचवलं आज." आणि सगळ्यांच्या देखत मला हात जोडले. नाटकात राजांनी मला पुष्कळदा हात जोडले, पण ते सगळे पगारी होते.

कचेरीत दोनचे टोल पडले. जगदेवरावांनी तिकीट लावलेला कागद फाडला, नवा काढला आणि टाक दौलतरावाकडे सरकवला.

"तुम्ही लिहा ना," दौलतराव म्हणाला. "वेळ नाही."

"तुमीच लिवा. बाई रागानं जे बोलली थेच लिवा. त्यात सारं आलं. कोनं देल्लं, कवा देल्लं, कोन पेरते, शीव कुठं. आपन तिले धा वेळा इचारलं असतं तरी इतकं नीट सांगतलं नसतं."

दौलतरावानं लिहिलं. चारच वाक्यं. पहिलं असं: "मौजे आसेगाव येथील नाल्यालगतचे शेत, ज्यास इकडे वावर म्हणतात, ते माझ्या बापाने मला लग्नाचे वर्षी चोळीबांगडीसाठी दिले." मी वाचलं, मीठ एक कण नाही. जगदेवराव म्हणाले, "आता रामराव हो."

मी पुन्हा खांदा उचलला. तोंड उघडलं. बोलायला काही सापडेना. वावर म्हणजे शेत, दिलं बापानं, पेरते ती, धुऱ्याच्या बांधापलीकडचं माझं. मी कुठून शिरू? गोजराबाई तांब्या हातात घेऊन वाट पाहत होती. "बोल ना मुडद्या," ती म्हणाली. मी हात टेकले. अर्ज तीनला वीस मिनिटं असताना आत गेला.

पुढच्या तारखेला खरा रामराव साहेबांपुढे उभा राहिला, सोगा धरून, आणि म्हणाला, "साहेब, भावजय आमच्या वावरात निंदाले येते." दारातले चार लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी अर्जावर नजर टाकून एकच विचारलं, "पेरणी कोण करतं?" शेजारच्या दोन धुरेकऱ्यांनी शपथेवर सांगितलं, बाई करते. फेरफार रद्द झाला.

त्या दिवसापासून जगदेवरावांच्या शिकवणीत एक पायरी वाढली. ऐका, परत सांगा, लिहा, दुसऱ्याकडून वाचून घ्या, आणि मग 'रामराव व्हा', म्हणजे आपलाच कागद हातात घेऊन विरुद्ध पक्षाच्या बाजूनं उभे राहा. शिरायला फट सापडली तर कागद फाडा. पुढच्या उन्हाळ्यात दौलतरावानं आणखी तिघांना आणलं. झाडाखाली एकजण अर्जदार, एकजण रामराव असा फड रंगायचा. नागपूरची शिकलेली पोरं सोगा धरून, खांदा वर करून भांडायची. आसेगावची, मानोऱ्याची माणसं काम झालं तरी बघत थांबायची. एक पोरगा म्हणाला होता, "वर्गात आम्हाला पन्नास नमुने पाठ करायला लावतात. इथं एक कागद पाच वेळा फाडला आणि लिहायला आलं."

गोजराबाई दर पौषात त्याच वावरातल्या तुरीच्या शेंगा घेऊन यायची. पदराच्या ओट्यातल्या अर्ध्या जगदेवरावांच्या पेटीवर आणि अर्ध्या माझ्यापुढे ओतायची. "घे रामराव," म्हणायची. खऱ्या रामरावाशी ती उभ्या जन्मात बोलली नाही. त्याच्या वाटणीचं सगळं माझ्याशी बोलून घेतलं.

शेहेचाळीस सालच्या माघात जगदेवराव आजारी पडले. निरोप मिळाला तेव्हा मी अकोल्याला खेळात होतो. पोचलो. सकाळची वेळ होती, ओसरीवर ऊन आलं होतं. दौलतराव आता वाशीमचे नामांकित वकील, पण उशाशी मांडी घालून बसले होते, हात रिकामे, नव्या विद्यार्थ्यासारखे. जगदेवरावांनी त्यांच्याकडून मृत्युपत्र लिहवून घेतलं होतं. घर पुतण्याला, पेटी दौलतरावांना, सतरंजी मला. एवढंच.

कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. मीठ पडू दिलं नाही. जगदेवराव डोळे मिटून ऐकत होते, झाडाखाली ऐकायचे तसेच. संपल्यावर दौलतरावांनी वाकून विचारलं, "बरोबर आहे ना, काका?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"बरं हाय. राणीसाहेब, आता रामराव हो."